शिकवू द्या आणि शिकवलेले पाहूही द्या

सप्टेंबर २०२४मध्ये महाराष्ट्रातले प्राथमिक शिक्षक प्रशासनाच्या व्हॉट्सॲप गटांतून एकामागून एक बाहेर पडले. काळ्या फिती लावून त्यांनी वर्ग घेतले, ऑनलाइन माहिती भरणे थांबवले आणि २५ सप्टेंबरला सामूहिक रजा टाकून जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढले. राग मुख्यतः दोन निर्णयांवर होता: १५ मार्च २०२४चा संचमान्यतेचा, म्हणजे पटानुसार शाळेला किती शिक्षक हे ठरवणारा, शासन निर्णय आणि कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय. त्याच शैक्षणिक वर्षात राज्यातल्या शाळांना १२८ मानकांवर स्वतःची गुणवत्ता तपासून, पुरावे जोडून, ती संकेतस्थळावर भरायची होती. एकीकडे शाळा किती सुधारली याची मोजणी, दुसरीकडे मोजणाऱ्याला माहितीच न देण्याचा शिक्षकांचा निर्धार. अशा दिवसांत शाळा तपासणारा एखादा विस्तार अधिकारी शाळेच्या दारात उभा राहिला, तर त्याने नेमके काय पाहावे आणि जे पाहिले त्याला काय म्हणावे?

या प्रश्नाकडे आपल्याकडे कोणी नीट पाहिलेले नाही. संघटनांचे म्हणणे, आंदोलनात तपासणी म्हणजे दडपण. प्रशासनाचे म्हणणे, तपासणी थांबवली तर शिस्तच उरणार नाही. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण ज्या मुलाला तिसरीत असून वाक्य वाचता येत नाही, त्याच्याबद्दल या दोन वाक्यांत एक अक्षरही नाही.

मुळशी तालुका या प्रश्नासाठी मुद्दाम घ्यावा असा आहे, कारण इथे एकाच पंचायत समितीखाली दोन वेगळे प्रदेश नांदतात. पूर्वेला हिंजवडी, माण, मारुंजी, भूगाव, पिरंगुट. माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या, कारखाने, बांधकामे, आणि त्यांच्यामागून आलेली मजुरांची कुटुंबे. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठवाड्यातले, कर्नाटकातले, उत्तर प्रदेश-बिहारमधले मूल वर्षाच्या मधेच येऊन बसते आणि बाप दुसऱ्या साइटवर गेला की मधेच उठून जाते. पश्चिमेला मुळशी धरणाच्या पाठीमागचा मुलूख, ताम्हिणीचा घाट, मोसे खोरे. वाड्या-वस्त्या, धनगरवाडे, कातकरी पाडे. शंभर वर्षांपूर्वी, १९२१मध्ये, टाटांच्या याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला. तरी धरण झाले, गावे पाण्याखाली गेली आणि माणसे डोंगरउतारांवर विखुरली. आजच्या छोट्या पटाच्या शाळांचे एक कारण या विखुरण्यातही आहे. पावसाळ्यात तिथे पोहोचणे ही वेगळीच गोष्ट. जुलै २०२४मध्ये ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला होता. अशा दिवसात पौडहून कुणी साहेब घाटमाथ्यावरच्या शाळेत जाऊ शकत नाही.

संपाचा घावही या दोन भागांत सारखा बसत नाही. पूर्वेकडे जिल्हा परिषदेच्या शाळेला कुलूप लागले तरी शेजारची विनाअनुदानित इंग्रजी शाळा चालू असते. ज्याला परवडते त्याचे मूल शिकत राहते आणि त्याच गल्लीतल्या मजुराचे मूल घरी बसते. पश्चिमेकडे दोन शिक्षकी शाळेतले दोघेही संपावर गेले की त्या वाडीपुरते शिक्षणच बंद होते, कारण दुसरी शाळा नाहीच. मार्च २०२३च्या जुन्या पेन्शनच्या संपात, १४ ते २० मार्च या सात दिवसांत, हे राज्यभर झाले. ५ डिसेंबर २०२५च्या एक दिवसाच्या शाळा बंदमध्येही तेच झाले. १९७७-७८चा सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांचा ५४ दिवसांचा संप तर जुन्या शिक्षकांच्या बोलण्यात अजून येतो. तेव्हा खेड्यातल्या मुलापुढे खासगी शाळेचा पर्याय जवळपास नव्हताच, त्यामुळे फरकही दिसला नाही. आज दिसतो.

मुलांचे नुकसान किती होते? आपल्याकडे याचा विश्वासार्ह हिशेब झालेला नाही. अर्जेंटिनात झाला. हाउमे आणि विलेन या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१९मध्ये दाखवले की तिथल्या सरासरी मुलाचे प्राथमिक शाळेतले ८८ दिवस संपात गेले होते, आणि मोठेपणी त्यामुळे पुरुषांची कमाई सुमारे ३.२ टक्क्यांनी, स्त्रियांची १.९ टक्क्यांनी कमी राहिली. आपल्याकडचे संप इतके लांबत नाहीत. पण अर्जेंटिनाचा आकडा वाचताना मला आपले दुसरेच दिवस आठवतात: निवडणुकीचे, मतदार यादीचे, प्रशिक्षणाचे, ऑनलाइन माहितीचे. ते कुणी संपात धरत नाही. वर्गातल्या मुलासाठी मात्र गेलेला तास हा गेलेलाच तास असतो.

शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे बंधनकारक आहे. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. याच कायद्याच्या कलम २७ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देण्यास मनाई केली आहे. तरी कोणत्या कामाला शैक्षणिक म्हणायचे आणि कोणत्याला अशैक्षणिक, हे ठरवण्यासाठी राज्याला २३ ऑगस्ट २०२४ला वेगळा शासन निर्णय काढावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२३मध्ये, नवभारत साक्षरता कार्यक्रमातल्या निरक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला होता. त्या बहिष्कारामागची भूमिका शिक्षकांच्या मोर्च्यांत वर्षानुवर्षे ऐकू येणाऱ्या घोषणेतलीच होती: ‘आम्हाला शिकवू द्या’.

मला ही घोषणा फार मोलाची वाटते. पगारवाढीची मागणी मुलांसाठी आहे असे कुणी म्हटले तर त्यावर वाद घालता येईल. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही मागणी मात्र थेट मुलांच्या वाट्याच्या वेळाची आहे. आणि म्हणूनच ती तपासता येण्याजोगी आहे. कागदांचे काम थांबले, गटांवरचे संदेश थांबले, तेव्हा वर्गात शिकवण्याचा वेळ खरोखर वाढला का? मुले थोडी पुढे गेली का? सप्टेंबर २०२४मध्ये राज्यातल्या हजारो शाळांत हा प्रयोग आपोआप घडत होता. फिती लावलेले शिक्षक वर्गात होते, पोर्टल रिकामे होते. तो प्रयोग मोजायला कोणीही गेले नाही. प्रशासनाच्या लेखी माहिती येत नाही म्हणजे शाळेत काही घडत नाही. संघटनांच्या लेखी त्या दिवसांत शाळेत कुणी येणे म्हणजे आंदोलन मोडायला येणे. शिक्षकांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा गोळा करण्याची संधी अशी दोन्ही बाजूंनी सोडून दिली. ही हळहळ हा लेख लिहिण्याचे एक कारण आहे.

पगार आणि तपासणी: जुनी गाठ

तपासणीबद्दल शिक्षकाच्या मनात जो संशय आहे तो हवेतून आलेला नाही. त्याची मुळे दीडशे वर्षे मागे जातात. १८५४च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले आणि तालुक्याच्या शाळा तपासायला डेप्युटी इन्स्पेक्टर फिरू लागले. खेड्यातल्या लोकांनी त्यांना ‘दिपोटी’ केले. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जायची, मुलांना नवे कपडे घातले जायचे. परीक्षा घेऊन ते शेरा लिहीत आणि निघून जात. इंग्लंडमध्ये १८६२च्या सुधारित संहितेने मुलांच्या परीक्षेतल्या निकालावर शाळेचे अनुदान बांधले होते. तपासनीस पाहायला येणार ते मुलाचे वाचन, आणि त्या वाचनावर मास्तरांचे पोट. तीच रीत आपल्याकडेही अनुदान देताना आली.

या पार्श्वभूमीवर जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबर १८८२मध्ये हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन आज पुन्हा वाचायला हवे. ते निवेदन बहुधा एकाच बाजूने उद्धृत होते: प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शेतकऱ्यांच्या मुलांना शाळेत आणा. पण त्यात शिक्षक आणि तपासणी या दोन गोष्टी शेजारीशेजारी आहेत. प्राथमिक शिक्षकाचा पगार किमान बारा रुपये असावा, मोठ्या गावी त्याहून अधिक, असे ते म्हणतात. आणि त्याच निवेदनात ते म्हणतात की डेप्युटीची वर्षातून एकदा होणारी भेट निरुपयोगी आहे, शाळा किमान तीन महिन्यांतून एकदा तपासल्या पाहिजेत आणि अधूनमधून कोणतीही आगाऊ सूचना न देता जायला हवे. गावच्या आणि जिल्ह्याच्या इतर अधिकाऱ्यांवर ही जबाबदारी टाकण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्यामागे इतकी कामे असतात की त्यांची तपासणी वरवरचीच होते, हेही त्यांनी नोंदवले आहे.

पुण्याच्या त्या माणसाला शिक्षकाची बाजू घेणे आणि शाळेची कडक पाहणी मागणे यांत विरोध दिसला नाही. आपल्याला दिसतो, कारण मधल्या काळात आपण तपासणीचा वापर शिक्षकाचे काही काढून घेण्यासाठी करत आलो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण अलीकडचेच आहे. २२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी केंद्राची ‘शाळासिद्धी’ ही सात क्षेत्रांतली ४६ मानकांची मूल्यांकन पद्धत आली. शाळा स्वतःला श्रेणी देणार, मग बाहेरचे निर्धारक येऊन ती पडताळणार. कल्पना शाळेने स्वतःकडे पाहण्याची होती. मग २३ ऑक्टोबर २०१७ला शासन निर्णय निघाला की शिक्षकाला वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणी हवी असेल तर त्याची शाळा प्रगत आणि शाळासिद्धीत ‘अ’ श्रेणीची असली पाहिजे. बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी वेतनश्रेणी शाळेच्या श्रेणीला बांधली गेली. बदल्यांचे धोरण, ऑनलाइन कामे आणि ही अट, सगळे एकत्र होऊन नोव्हेंबर २०१७मध्ये शिक्षक रस्त्यावर आले. दोन वर्षांनी अट मागे घेतली गेली. पण तोवर व्हायचे ते झाले होते. ज्या कागदावर आपले वेतन टांगलेले आहे, त्या कागदावर ‘आमची मुले वाचू शकत नाहीत’ असे प्रामाणिकपणे कोण लिहील? ‘अ’ श्रेणींची संख्या वाढली असेल तर त्यातला किती भाग मुलांचा आणि किती भाग भीतीचा, हे वेगळे काढण्याचा मार्गच त्या अटीने बंद केला. मला त्या निर्णयातला सर्वांत मोठा दोष शिक्षकांवरच्या अन्यायाचा वाटत नाही. त्याने राज्याचे डोळेच बांधले, हा वाटतो.

तपासणीचा उपयोग होतो का?

यावर भारतात बरे संशोधन झाले आहे आणि त्याचे निष्कर्ष पहिल्या वाचनात एकमेकांविरुद्ध जातात. जागतिक बँकेसाठी क्रेमर, मुरलीधरन आदी अर्थतज्ज्ञांनी २००३मध्ये देशभर अचानक भेटी देऊन पाहिले तेव्हा सरकारी प्राथमिक शाळांतले एक चतुर्थांश शिक्षक शाळेत नव्हते. महाराष्ट्रात हे प्रमाण १४.६ टक्के, म्हणजे पाहिलेल्या राज्यांत सर्वांत कमी होते. नुकतीच तपासणी झालेल्या शाळांत गैरहजेरी कमी आढळली. २०१०च्या फेरपाहणीवरून २०१७मध्ये मांडलेल्या अभ्यासात मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी हिशेब केला की मुलांना शिक्षकाचा अधिक वेळ मिळवून द्यायचा तर आणखी शिक्षक नेमण्यापेक्षा तपासणीची पदे भरणे दहापटींहून स्वस्त पडेल.

दुसरा अभ्यास मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांचा, २०२०चा, मध्य प्रदेशातला. तिथे शाळांचे मूल्यांकन, प्रत्येक शाळेचा सुधारणा आराखडा आणि पाठपुरावा अशी पद्धत हजाराहून अधिक शाळांत राबवून तिची तुलना इतर शाळांशी केली. मूल्यांकने ठरल्याप्रमाणे झाली, आराखडे तयार झाले. शिक्षकांच्या कामात, देखरेखीत आणि मुलांच्या शिकण्यात मात्र काहीही फरक पडला नाही. शाळांनी हे कागद भरण्याचे आणखी एक काम म्हणून घेतले होते. तरीही याच धर्तीची पद्धत शाळासिद्धी म्हणून देशातल्या सुमारे सहा लाख शाळांपर्यंत नेली गेली.

हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. माणूस शाळेत गेला, त्याने वर्ग पाहिला, तर उपयोग होतो. कागद शाळेत गेला आणि भरून परत आला, तर होत नाही. आपल्याकडे माणसे कमी आणि कागद जास्त झाले. साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख, या हिशेबाने राज्यात ४८६० पदे निर्माण झाली. त्यांतली बरीच वर्षानुवर्षे रिकामी राहिली आणि एखाद्या मुख्याध्यापकाकडे किंवा शिक्षकाकडे ‘प्रभारी’ म्हणून गेली. ज्याच्याकडे स्वतःचा वर्ग आहे, दोन केंद्रे आहेत आणि रोज वर पाठवायची माहिती आहे, तो तीन महिन्यांतून एकदा न सांगता प्रत्येक शाळेत जाणार कसा? फुल्यांनी गावच्या अधिकाऱ्यांबद्दल नोंदवलेली अडचण आज केंद्रप्रमुखाला जशीच्या तशी लागू आहे.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) यावर उपाय सुचवला होता. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. ग्रामीण शिक्षणाची खडान्खडा माहिती असलेले. आयोगाचे म्हणणे असे की प्रशासन आणि पर्यवेक्षण ही दोन कामे वेगवेगळ्या माणसांकडे द्या. जो पगार, रजा, बदली, चौकशी पाहतो त्याने वर्ग पाहू नये. जो वर्ग पाहतो त्याच्या हाती शिक्षा नसावी. हा भाग आपण अमलात आणला नाही. गटशिक्षणाधिकारी आणि विस्तार अधिकारी आजही दोन्ही भूमिका वठवतात. आंदोलनाच्या दिवसांत याचे परिणाम उघडे पडतात: सकाळी संपकऱ्यांची यादी मागणारा अधिकारी दुपारी ‘तुमच्या शाळेची प्रगती पाहायला आलो’ म्हणतो. त्यावर कोणता शिक्षक विश्वास ठेवील?

माणूस नीट गेला तर काय होते याचे उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटाचे, आहे. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या बीटमधल्या सुमारे चाळीस शाळांत शिक्षकांबरोबर बसून ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. फरशीवर आखलेल्या कृती, गटांत शिकणारी मुले, साहित्य हाताळत होणारे गणित. राज्यभरातले शिक्षक ते पाहायला जात. पर्यवेक्षणाचे पद तेच, अधिकारही तेच. वापर वेगळा होता. पुढे कुमठ्याची नक्कल राज्यभर झाली तेव्हा बऱ्याच ठिकाणी फरशीवरची रंगरंगोटी पोहोचली आणि शिक्षकाबरोबर बसणे मागे राहिले, कारण तपासणीच्या तक्त्यात रंगवलेल्या फरशीची नोंद करता येते.

याउलट, शिक्षेसारख्या तपासणीचा कठोरपणा कुठवर जातो हे इंग्लंडमध्ये दिसले. तिथल्या तपासणी यंत्रणेने रेडिंग शहरातल्या एका प्राथमिक शाळेला सर्वांत खालची श्रेणी देण्याचे ठरवल्यावर जानेवारी २०२३मध्ये मुख्याध्यापिकेने आयुष्य संपवले. चौकशीत त्या तपासणीचा यात वाटा असल्याचे नोंदवले गेले आणि सप्टेंबर २०२४मध्ये पूर्ण शाळेला एका शब्दात श्रेणी देण्याची पद्धत बंद झाली.

कायदा काय म्हणतो

थोडक्यात सांगतो, कारण कायद्याने हा प्रश्न सुटत नाही. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्ये ठरवले की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतला ‘कामगार’ नाही. २००३मध्ये तमिळनाडूच्या टी. के. रंगराजन प्रकरणात सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे कामगाराची तंटा सोडवण्याची यंत्रणा शिक्षकाला नाही आणि संपाचा हक्कही नाही. उरतो मोर्चा, सामूहिक रजा, काळी फीत आणि बहिष्कार. शिक्षकांचे आंदोलन वारंवार ‘माहिती न देणे’ या रूपात येते त्यामागे हेही आहे. ज्याच्याकडे काम थांबवण्याचा मार्ग नाही तो कागद थांबवतो. एका अर्थी मुलांसाठी हे बरेच आहे, कारण वर्ग चालू राहतो.

मग पाहायचे काय?

संपाच्या दिवशी, म्हणजे शाळेला कुलूप असताना, शाळेच्या प्रगतीची तपासणी करू नये. त्या दिवशी फक्त एवढे नोंदवावे की शिकवण्याचा एक दिवस गेला. पण ही नोंद एकट्याने होऊ नये. तिच्या शेजारी त्या वर्षी निवडणुकीत, प्रशिक्षणात, सर्वेक्षणात आणि पावसात गेलेले दिवसही लिहावेत, सगळे एकाच तक्त्यात, २०० दिवसांच्या कायदेशीर मापासमोर. सात दिवसांच्या संपावर बोट ठेवणाऱ्या प्रशासनाने आपण काढून घेतलेले दिवसही मोजले पाहिजेत, आणि अशैक्षणिक कामांची यादी वाचणाऱ्या संघटनांनी संपाचे दिवसही त्याच यादीत धरले पाहिजेत.

बहिष्काराच्या दिवसांत मात्र तपासणी व्हायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे. फक्त तिने मागणी बदलावी. टाचण दाखवा, फाइल दाखवा, पोर्टल का भरले नाही, हे प्रश्न बाजूला ठेवावेत. प्रत्येक मुलाला जवळ बसवून दुसरीच्या पातळीचा एक उतारा वाचायला द्यावा, दोन अंकी हातच्याची वजाबाकी द्यावी, आणि वाचलेल्यावर दोन प्रश्न विचारावेत. घाटमाथ्यावरच्या दहा-पंधरा पटाच्या शाळेत सगळ्या मुलांचे हे काम एका सकाळीत होते. त्याला शिक्षकाने काही भरून देण्याची गरज नाही, म्हणून त्याचा बहिष्कारही मोडत नाही.

आकडे काढताना मात्र मुळशीसारख्या तालुक्यात दुप्पट जपायला हवे. आठ मुलांच्या शाळेत एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. वीटभट्टीवरून परतलेले एक कातकरी मूल आठवे म्हणून पटावर आले की त्या शाळेची ‘प्रगती’ एका दिवसात साडेबारा टक्क्यांनी घसरते, आणि ते मूल गेले की ‘सुधारते’. शाळेने केलेले सर्वांत चांगले काम, म्हणजे त्या मुलाला दाराआड न ठेवणे, तक्त्यात अपयश म्हणून उतरते. हिंजवडीकडे उलटे: जूनमध्ये मोजलेली मुले आणि मार्चमध्ये मोजलेली मुले यांत बरीच वेगळी असतात. म्हणून शाळेची टक्केवारी मांडण्यापेक्षा दोन्ही वेळा हजर असलेली मुले कुठून कुठे आली हे नावानिशी पाहावे, आणि ती नावे शाळेतच ठेवावीत. वर पाठवायची गरज नाही.

हे पाहायला कोणी जावे? पगाराशी संबंध नसलेल्या माणसाने. डाएटचा, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचा, अधिव्याख्याता, शेजारच्या तालुक्यातला केंद्रप्रमुख, निवृत्त शिक्षक. आणि बरोबर शाळा व्यवस्थापन समितीतला एखादा पालक. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळेच्या कामावर देखरेख ही तिचीच जबाबदारी आहे, पण बहुतेक गावांत तिच्याकडे फक्त सही मागितली जाते. पुणे जिल्ह्यातच, खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची बंद पडण्याच्या बेतात आलेली जिल्हा परिषदेची शाळा गाव आणि शिक्षक एकत्र आल्याने उभी राहिली आणि २०२५मध्ये तिला जागतिक पातळीवरचा लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तिथे सुधारणा आधी गावाला दिसली, मग अहवालांना.

शिक्षक संघटनांकडूनही काही मागायला हवे. जुलै २०२३मध्ये मराठवाड्यात शिक्षकांसाठी विभागीय प्रशासनाने ‘प्रेरणा परीक्षा’ जाहीर केली, तेव्हा संघटनांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. शिक्षकाची अशी परीक्षा घेणे मलाही पटत नाही. पण प्रत्येक वेळी नकार देऊन थांबले की लोकांना वाटते, लपवण्यासारखे काही आहे. संघटनेने स्वतःहून म्हणावे: आमची परीक्षा नको, मुलांचे वाचन पाहा, आंदोलनाच्या काळातही पाहा, न सांगता या. या एका वाक्याने ‘आम्हाला शिकवू द्या’ या मागणीला जे बळ येईल ते दहा मोर्च्यांनी येणार नाही.

हे आत्ताच ठरवण्याची गरज आहे, कारण आंदोलने संपणारी नाहीत. १ सप्टेंबर २०२५च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. ५ डिसेंबरचे शाळा बंद त्याच पोटी होते. वीसपर्यंत पटाच्या शाळेत एकच नियमित शिक्षक आणि जोडीला निवृत्त शिक्षक, या संचमान्यतेच्या सूत्रावरचा रागही शमलेला नाही. २०२३मध्ये राज्यात अशा शाळा १४,७८३ होत्या आणि त्यांत १,८५,४६७ मुले शिकत होती. या मुलांच्या शाळांची गुणवत्ता याच धुमसत्या काळात तपासली जाणार आहे, आणि कमी गुण पडलेली छोटी शाळा, अनेक शाळा एकत्र करून होणाऱ्या समूह शाळेत विलीन करण्याच्या यादीत जाऊ शकते, ही भीती प्रत्येक वाडीत आहे. म्हणून आंदोलनाच्या काळात झालेली कोणतीही तपासणी समायोजन, बदली किंवा शाळा बंद करण्याच्या निर्णयाला आधार म्हणून वापरली जाणार नाही, असे शासनाने लेखी द्यावे. मुळशीपुरते तर पौडच्या पंचायत समितीला हे याच वर्षी सुरू करता येईल: पहिले वाचन घाटातले रस्ते पावसाने अडण्याआधी, शाळा उघडताच, दुसरे दिवाळीनंतर. दोन्ही वेळचा कागद शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांसमोर मोठ्याने वाचावा, शिक्षकाचे म्हणणे त्याखाली त्याच्याच शब्दांत लिहावे, आणि त्याची एक प्रत तालुक्यातल्या शिक्षक संघटनेलाही द्यावी.